हजारो असिंक टास्क एकदम सुटतात, लगाम नेमका कुठे घालायचा?

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एका जुन्या संग्रहातल्या साधारण १८,००० लिंका जिवंत आहेत की मेल्या, हे तपासणारी स्क्रिप्ट लिहितोय. पायथन, असिंकआयओ (अनेक कामं एकदम चालवणारी लायब्ररी), एआयओएचटीटीपी (तिच्यावर वेब विनंत्या पाठवणारी). आधी साध्या फॉर लूपने एकेक तपासत होतो, त्याला पंधरा तास लागायचे. कुणीतरी म्हणालं असिंक कर, मिनिटांत होईल. केलं. आता मिनिटाच्या आत पडते.

कोड साधाच आहे. 'तपास' नावाचं असिंक फंक्शन. त्यात सेशन (कनेक्शनं सांभाळणारी वस्तू) उघडतो, गेट (पान मागणारी विनंती) मारतो, स्टेटस परत देतो. बाहेर सगळ्या लिंकांवर लूप फिरवून यादी करतो आणि ती यादी गॅदरच्या (सगळी कामं एकत्र चालवणाऱ्या फंक्शनच्या) हवाली. २०० लिंकांवर झकास चाललं. सगळ्या दिल्या की काही सेकंदांत 'एरर २४, टू मेनी ओपन फाइल्स'. मी तर एकही फाइल उघडलेली नाही!

माझी समजूत अशी की असिंक म्हणजे एकच थ्रेड, म्हणजे एका वेळी एकच काम. मग एकदम एवढं काय उघडतंय? आणि 'एका वेळी ५० च' असं गॅदरला सांगायची काही सोय आहे का?

(इथला एडिटर कोडचं इंडेंटेशन खातो, म्हणून कोड टाकायची वेळ आली तर मराठीत मोडतोड करून टाकेन. सांभाळून घ्या.)

---

खटपट्या

गॅदरला तशी सोय नाही. असिंकआयओचा सेमाफोर घ्या, ५० द्या. झालं.

---

सुतारपक्षी

खटपट्या 'झालं' म्हणून मोकळे झाले, पण प्रश्नातली समजूत तशीच राहिली तर पुढच्या आठवड्यात दुसरा धागा येईल.

एकच थ्रेड हे खरं. एका क्षणी पायथनची एकच ओळ चालते हेही खरं. पण तुमच्या स्क्रिप्टचा नव्व्याण्णव टक्के वेळ ओळी चालवण्यात जातच नाही, समोरच्या सर्व्हरची वाट बघण्यात जातो. आणि वाट बघायला थ्रेड लागत नाही. एक थ्रेड हजारो ठिकाणची वाट एकदम बघू शकतो, असिंकचा सगळा खेळ त्यावरच आहे. गॅदर तुमच्या प्रत्येक कोरूटीनचं (मध्ये थांबू शकणाऱ्या असिंक फंक्शनचं) टास्क बनवतो आणि सगळी एकदम सोडतो. प्रत्येक टास्क पहिल्या अवेटपर्यंत (वाट बघायच्या जागेपर्यंत) धावतं, सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) उघडतं आणि तिथे बसून राहतं.

सॉकेट ही ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी फाइलच. एका प्रोसेसला किती उघडता येतील यावर मर्यादा असते. बऱ्याच लिनक्सवर ती १,०२४ असते, मॅकवर मुळात २५६. तुम्ही तिच्यावर आपटलात.

आता कुणीतरी येऊन सांगेल की युलिमिट (हीच मर्यादा) वाढवा. वाढवू नका. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. फाइलींची मर्यादा उठवलीत तर धक्का पुढे सरकेल: नेमसर्व्हर गांगरेल, राउटर गांगरेल, समोरचा सर्व्हर तुम्हाला हल्लेखोर समजून दार लावेल.

सेमाफोर म्हणजे मोजून छापलेले परवाने. ५० परवाने. आत जायचं तर एक घ्यायचा, बाहेर पडताना परत ठेवायचा. पेटी रिकामी असेल तर दारात थांबायचं. ही कल्पना डायक्स्ट्रा यांची, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. नाव रेल्वेच्या हातवाल्या सिग्नलवरून आलंय. साठ वर्षांत त्यात सुधारण्यासारखं फारसं काही सापडलेलं नाही.

---

अर्धविराम (धागाकर्ता)

धन्यवाद सुतारपक्षी, डोक्यात प्रकाश पडला. सेमाफोर घातला. आणि तरीही तोच एरर २४! काय चुकतंय?

सेमाफोर = असिंकआयओ.सेमाफोर(५०)
प्रत्येक लिंकसाठी:
– असिंक विथ सेमाफोर:
– – टास्क = क्रिएट_टास्क(तपास(लिंक))
– – यादीत टास्क जोड
शेवटी: अवेट गॅदर(यादी)

---

मधलीसुट्टी

हा हा, मीपण हेच केलं होतं आणि दोन दिवस डोकं आपटलं होतं.

क्रिएट_टास्क काम *करत* नाही, कामाची नोंद करतो आणि त्याच क्षणी परत येतो. तुमच्या लूपमध्ये परवाना घेतला, नोंद केली, परवाना परत ठेवला. पुन्हा घेतला, नोंद केली, परत ठेवला. पेटीतून एका वेळी एकापेक्षा जास्त परवाना कधी बाहेर पडलाच नाही. पन्नासच्या जागी १ लिहिलंत तरी हेच होईल, करून बघा. दारावर रखवालदार आहे, पण तो नोंदवहीच्या दारावर बसवलाय, कामाच्या दारावर नाही.

असिंक विथ 'तपास' फंक्शनच्या आत न्या, थेट गेटच्या भोवती. १८,००० टास्क तरीही एकदम तयार होतील, होऊ देत. १७,९५० दारात उभी राहतील. उभ्या टास्कला सॉकेट लागत नाही, थोडी मेमरी लागते, बस.

---

अर्धविराम (धागाकर्ता)

चाललं!! साधारण वीस मिनिटांत पूर्ण यादी. पंधरा तासांवरून वीस मिनिटं, मी खूश आहे.

दोन खटकणाऱ्या गोष्टी: (१) संग्रहातल्या जवळपास निम्म्या लिंका एकाच साइटच्या आहेत आणि त्या साइटने भरपूर ४२९ ('फार विनंत्या करताय' हा स्टेटस) दिले. (२) सीपीयू अपेक्षेपेक्षा खूप वर जातोय. नुसती वाट बघायची तर सीपीयू कशाला?

---

शून्य_ते_नऊ

दुसऱ्याचं उत्तर तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे, सगळ्यांच्या नजरेतून निसटलं. 'आत सेशन उघडतो.' प्रत्येक लिंकला नवं सेशन! म्हणजे प्रत्येक वेळी नवं कनेक्शन, नवा टीएलएस हँडशेक (सुरक्षित जोडणीची बोलणी), आणि त्यातलं गणित सीपीयूच करतो. निम्म्या लिंका एकाच साइटच्या असताना तेच कनेक्शन पुन्हा वापरता आलं असतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. एआयओएचटीटीपीच्या सेशनमध्ये लगाम *मुळातच असतो*. त्याचा कनेक्टर एका वेळी १०० च्या वर कनेक्शन उघडत नाही, हे त्याचं डिफॉल्ट. मग तुमची स्क्रिप्ट पडलीच कशी? कारण १०० ची मर्यादा प्रत्येक सेशनला वेगळी. तुम्ही १८,००० घोड्यांसाठी १८,००० तबेले बांधलेत आणि प्रत्येक तबेल्यात शंभर घोड्यांची मर्यादा काटेकोर पाळलीत.

सेशन एकच. मेनमध्ये उघडा आणि फंक्शनला आत पाठवा.

---

अर्धविराम (धागाकर्ता)

तबेले 😂

सेशन एकच केलं, सीपीयू एकदम शांत. मग विचार केला, कनेक्टरची १०० ची मर्यादा आहेच तर सेमाफोर कशाला? काढून टाकला. कोड किती देखणा झाला म्हणून सांगू. चालवला. सुरुवातीला अगदी छान, आणि बरोबर पाच मिनिटांनी, एका झटक्यात, जवळजवळ ८,००० लिंका 'टाइमआउट' म्हणून कोसळल्या. एका सेकंदात आठ हजार! यातल्या कितीतरी ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडतात.

आगीतून फुफाट्यात.

---

शून्य_ते_नऊ

'बरोबर पाच मिनिटं' लिहिलंत हे फार चांगलं केलंत. नुसतं 'काही वेळाने' लिहिलं असतंत तर चार पानं चर्चा झाली असती.

एआयओएचटीटीपीचा एकूण टाइमआउट डिफॉल्ट ३०० सेकंद आहे. तो कधीपासून मोजला जातो? गेट म्हटल्यापासून. कनेक्शन मिळाल्यापासून नव्हे. सेमाफोर काढल्यामुळे सगळ्या १८,००० टास्कांनी पहिल्याच क्षणी गेट म्हटलं आणि सगळ्यांची घड्याळं एकदम सुरू झाली. १०० आत गेली, बाकीची कनेक्टरच्या दारात, पण घड्याळ चालू ठेवून.

आकडे मांडा. आधी एकेक करून १८,००० ला पंधरा तास, म्हणजे एका लिंकला सरासरी ३ सेकंद. १०० एकदम, म्हणजे सेकंदाला साधारण ३३. ३०० सेकंदांत १०,०००. उरल्या ८,०००. तुमच्याच आकड्याला आकडा जुळतो.

सेमाफोर आतमध्ये, गेटच्या भोवती ठेवलात की टास्क परवाना मिळेपर्यंत गेट म्हणतच नाही, घड्याळ लागत नाही. तेव्हा दोन्ही हवेत: सेमाफोर ५०, कनेक्टर त्याच्याइतका किंवा वर. रांग लागायचीच असेल तर ती टाइमआउटच्या बाहेर लागू दे.

---

खटपट्या

एचटीटीपीएक्स (अशीच दुसरी लायब्ररी) वापरणाऱ्यांनी हसू नये. तिथेही १०० कनेक्शनची मर्यादा आणि टाइमआउट डिफॉल्ट ५ सेकंद, पूलमध्ये रांगेत उभं राहायलासुद्धा तेवढेच. तिथे पाच मिनिटं नाही, पाचव्या सेकंदाला हाच तमाशा होतो.

(आणि माझं 'झालं' मागे घेतो.)

---

जावा_नाही_स्क्रिप्ट

जेएसवाल्यांसाठी (जावास्क्रिप्ट) एक पोटप्रश्न, कारण मी पायथनमधून तिकडे गेले तेव्हा इथेच फसले होते.

पायथनमध्ये तपास(लिंक) लिहिलं की नुसती कोरूटीन तयार होते, अवेट केल्याशिवाय किंवा टास्क बनवल्याशिवाय ती ढिम्म हलत नाही. जेएसमध्ये असिंक फंक्शन बोलावलं की ते त्याच क्षणी धावायला लागतं. म्हणजे लिंकांवर मॅप मारून प्रॉमिसांची (पुढे मिळणाऱ्या उत्तरांची) यादी केली आणि *मग* ती पन्नास-पन्नासच्या तुकड्यांत अवेट करत बसलात, तर उपयोग शून्य. बाण सुटलेत, तुम्ही ते कुठे पडतात ते पन्नासच्या गटाने बघताय. म्हणून पी-लिमिटसारख्या लायब्ररीला प्रॉमिस द्यायचं नसतं, प्रॉमिस तयार करणारं फंक्शन द्यायचं असतं.

नोडमध्ये (सर्व्हरवर जेएस चालवतो तो) आणखी एक छुपा लगाम आहे. डोमेन नावावरून पत्ता काढायचं नेहमीचं काम लिबयूव्हीच्या (नोडच्या आतल्या लायब्ररीच्या) थ्रेड पूलमध्ये होतं आणि तो डिफॉल्ट फक्त ४ थ्रेडचा. लिमिट १०० ठेवून 'वेग का वाढत नाही' म्हणून मी अख्खी दुपार घालवली होती. सगळ्या विनंत्या त्या चार खिडक्यांसमोर.

---

शून्य_ते_नऊ

पायथनातही तेच, फक्त खिडक्या जास्त. असिंकआयओ नाव शोधायचं काम आपल्या डिफॉल्ट थ्रेड पूलवर टाकतो. ३.८ पासून त्याचं डिफॉल्ट 'कोअर अधिक ४, पण जास्तीत जास्त ३२'. चार कोअरच्या मशीनवर ८. हजारो वेगवेगळ्या डोमेनांच्या लिंका असतील तर हे जाणवतं.

---

सुतारपक्षी

एक मतभेद नोंदवतो. १८,००० टास्क दारात उभी करणं मला पटत नाही. इथे चाललं, कारण यादी लहान आहे. उद्या दीड कोटी ओळींची फाइल आली तर? प्रत्येक टास्क काही किलोबाइट खातं. सेमाफोर *चालू* कामं मोजतो, *तयार* कामांवर त्याचा काही अंमल नाही.

माझी पद्धत: क्यू (कामांची रांग), मॅक्ससाइज २००. एक जण फाइल वाचून क्यूमध्ये टाकतो, ५० वर्कर तिच्यातून उचलतात. क्यू भरली की टाकणारा आपोआप थांबतो. फाइल कितीही मोठी असो, मेमरी सपाट.

---

मधलीसुट्टी

तत्त्वतः मान्य, पण नवख्या माणसाला क्यू देणं म्हणजे दोरी देण्यासारखं आहे. वर्करमध्ये न पकडलेलं एक्सेप्शन आलं की तो वर्कर गुपचूप मरतो. कुणाला पत्ता नाही. ५० चे ४९, ४९ चे ४८... शेवटचा मेला की क्यू.जॉइन अनंतकाळ वाट बघत बसतो. एरर नाही, लॉग नाही, फक्त शांतता.

---

सुतारपक्षी

म्हणून ट्राय वर्करच्या लूपच्या *आत*, टास्क_डन फायनलीमध्ये. ही दोन वाक्यं मी मॉनिटरला चिकटवून ठेवलीत. पायथन ३.१३ पासून क्यूला शटडाउनही आलंय, त्यामुळे वर्करांना घरी पाठवायला 'नन' टाकायची जुनी युक्ती लागत नाही.

पण ठीक आहे, १८,००० साठी सेमाफोर पुरे. यादी मेमरीत मावत नाही, तिथून क्यू.

---

अर्धविराम (धागाकर्ता)

मी मधे एक तिसरा मार्ग करून पाहिला: यादीचे ५०-५० चे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला गॅदर. समजायला सोपा. पण सेमाफोरपेक्षा बराच हळू, का?

---

मधलीसुट्टी

कारण तुकडा त्यातल्या सर्वांत रेंगाळणाऱ्या लिंकइतका वेळ घेतो. ४९ लिंका दोन सेकंदांत मोकळ्या आणि पन्नासावी तीस सेकंद टाइमआउटची वाट बघतेय, तर ४९ जागा २८ सेकंद रिकाम्या. मेलेल्या लिंका शोधताय म्हणजे प्रत्येक तुकड्यात असं एखादं रत्न असणारच.

---

पिंपळपान

उशिरा आलोय, पण एक इशारा देऊन जातो. मी एका ठिकाणी काम करताना एक क्रॉलर लिहिला होता. पान उघडायचं, त्यातल्या लिंका काढायच्या, प्रत्येक लिंकसाठी तेच फंक्शन पुन्हा बोलवायचं. सेमाफोर १० चा, फंक्शनच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. लहान साइटवर महिनाभर निर्धोक चालला. मग मोठी साइट दिली आणि तो थिजला. पडला नाही, थिजला. सीपीयू शून्य, नेटवर्क शून्य, लॉगची शेवटची ओळ पंचेचाळीस मिनिटांपूर्वीची.

काय झालं असेल ओळखा. दहा पानांनी दहा परवाने घेतले. प्रत्येक पान आपल्या पोरांची वाट बघतंय. पोरांना आत यायला परवाना हवा. परवाने बापांच्या हातात.

वरिष्ठांनी सुचवलं, सेमाफोर २० करा. केला. दोन तास जास्त चालून थिजला.

परवाना फक्त पान *आणण्या*पुरता हवा होता. आणलं की परत ठेवायचा, मग निवांत लिंका काढा, पोरं बोलवा. असिंक विथच्या खालचं इंडेंटेशन चार ओळींनी कमी केलं, एवढाच तो बदल होता. तेव्हापासून आकडा कितीचा ठेवलाय हे मी नंतर बघतो, परवाना हातात धरून कोण कोण काय काय करतंय हे आधी.

---

जावा_नाही_स्क्रिप्ट

थरारक. याच नजरेने रिट्राय बघा. ४२९ आला, अवेट स्लीप(३०), पुन्हा प्रयत्न, आणि हे सगळं असिंक विथच्या आत! ५० पैकी ४० परवाने झोपलेल्या टास्कांच्या उशाखाली असतात.

---

शून्य_ते_नऊ

आता राहिलेलं ४२९. सेमाफोर 'एका वेळी किती' सांगतो, 'सेकंदाला किती' सांगत नाही. १० परवाने आणि समोरचा ५० मिलिसेकंदांत उत्तर देणारा असेल, तर सेकंदाला २०० विनंत्या जातात. तोच सर्व्हर २ सेकंद घेत असेल तर फक्त ५. म्हणजे सर्व्हर जितका चपळ तितका तुमचा मारा जास्त. लिटलचा नियम (१९६१ साली सिद्धता) हेच सांगतो: चालू कामं = वेग × प्रत्येकाला लागणारा वेळ. दोन माहीत असतील तर तिसरं निघतं.

'सेकंदाला ५ च' अशी अट असेल तर वेगळं हत्यार, एआयओलिमिटरसारखं. आणि ४२९ बरोबर रिट्राय-आफ्टर हेडर येतो का बघा, येत असेल तर तो सांगेल तितकं थांबा. त्यात कधी सेकंद असतात, कधी तारीख, दोन्ही धरा.

तुमच्या बाबतीत त्या एका साइटला वेगळा छोटा सेमाफोर द्या, समजा ४ चा. डिक्शनरीत होस्टच्या नावाने ठेवा. क्रम मात्र सांभाळा: *आधी होस्टचा परवाना, मग सामायिक*. उलट केलंत तर ५० सामायिक परवाने त्या एका साइटच्या रांगेत उभ्या टास्कांच्या हातात अडकतील आणि बाकीच्या साइट्स रिकाम्या बसतील.

---

खटपट्या

५० च का, हे कुणी विचारलंच नाही. मी आपला ठोकून दिला होता.

---

सुतारपक्षी

प्रांजळपणाला सलाम. १०, २०, ४०, ८० असं दुप्पट करत मोजायचं. मिनिटाला किती लिंका होतात तो आकडा वाढायचा थांबला आणि एकेका लिंकचा वेळ वाढायला लागला की एक पायरी मागे या. आणि समोर डेटाबेस असेल तर त्याला विचारा: पोस्टग्रेसला मुळात १०० कनेक्शन असतात आणि ती काही तुमच्या एकट्याची नसतात.

---

अर्धविराम (धागाकर्ता)

मंडळी, अंतिम अवस्था:

असिंक फंक्शन तपास(सेशन, लिंक):
– असिंक विथ होस्ट_सेमाफोर[होस्ट]:
– – असिंक विथ सामायिक:
– – – ट्राय: विनंती, स्टेटस घे
– – – एक्सेप्ट: चूक निकालात नोंदव
– ४२९ असेल तर इथे, दोन्ही परवाने सोडून, झोप आणि पुन्हा ये

सेशन एक, सामायिक ४०, त्या दांडग्या साइटला ६. मोजून पाहिलं, ४० च्या पुढे माझ्याकडे काही फायदा दिसला नाही. एक्सेप्शन आतच पकडतो, त्यामुळे गॅदर मध्येच सोडून जात नाही. वेळ पंचवीस मिनिटं, म्हणजे मधल्या वीस मिनिटांपेक्षा जास्त! पण ४२९ हातावर मोजण्याइतके, आणि तेही दुसऱ्या फेरीत निघाले.

एकच शंका उरलीय. वेळ वाचवायला शेवटच्या फेरीत गेटऐवजी हेड (पान न आणता नुसते हेडर मागणं) केलं, तर काही लिंका ४०५ देऊन 'मेलेल्या' निघाल्या. ब्राउझरमध्ये जिवंत आहेत.

---

मधलीसुट्टी

काही सर्व्हरना हेड पाठवलेलं चालत नाही, ४०५ म्हणजे तेच. ४०५ आला तर गेट करून बघा, आणि त्या गेटसाठी परवाना पुन्हा घ्या हो.

---

अर्धविराम (धागाकर्ता)

घेतला नव्हता. 🙈